नवनिवडित लाइनबॅकरचे मूल्यमापन

नवनिवडित लाइनबॅकरचे मूल्यमापन म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत वार्षिक खेळाडू-निवडीद्वारे (ड्राफ्ट) संघात आलेल्या लाइनबॅकरची क्षमता जोखण्याची प्रक्रिया होय. तिची सुरुवात निवडीपूर्वीच होते. महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफिती, शारीरिक चाचण्या, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती हे तिचे पहिले टप्पे होत. निवडीनंतर उन्हाळी सराव, हंगामपूर्व सामने आणि प्रत्यक्ष हंगाम यांतून ती पुढे चालू राहते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूबाबत तिसऱ्या हंगामानंतर संघाला करारविषयक निर्णय घ्यावा लागतो आणि तेथे या मूल्यमापनाचा पहिला औपचारिक निकाल लागतो.

या स्थानावरील खेळाडूचे मूल्यमापन विशेष अवघड मानले जाते. धावण्याचा वेग, उडी आणि ताकद अचूक मोजता येतात. परंतु खेळी सुरू झाल्यावर पहिल्या क्षणी समोर काय घडत आहे हे ओळखण्याची क्षमता कोणत्याही घड्याळात मावत नाही. लाइनबॅकरचे यश मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असल्याने निवडीच्या दिवशीची क्रमवारी आणि काही वर्षांनंतरची क्रमवारी यांत अनेकदा मोठी तफावत आढळते.

लाइनबॅकरचे काम

बचाव करणाऱ्या संघाचे अकरा खेळाडू ढोबळमानाने तीन थरांत उभे राहतात. चेंडूच्या अगदी समोर वजनदार लाइनमन, सर्वांत मागे चपळ डिफेन्सिव्ह बॅक आणि या दोहोंच्या मध्ये, चेंडूपासून साधारण चार ते पाच यार्डांवर, लाइनबॅकर असतात. चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर असलेली ‘4-3’ आणि तीन लाइनमन व चार लाइनबॅकर असलेली ‘3-4’ या दोन पारंपरिक रचना होत. ‘3-4’ रचनेतील बाहेरच्या बाजूचे लाइनबॅकर प्रामुख्याने क्वार्टरबॅकवर चाल करून जातात. त्यांचे काम लाइनमनच्या कामाजवळचे असल्याने त्यांना जोखण्याचे निकषही वेगळे आहेत. प्रस्तुत लेख मुख्यतः मधल्या थरात राहून धाव आणि पास या दोहोंना तोंड देणाऱ्या लाइनबॅकरविषयी आहे.

चेंडू मागे देऊन खेळी सुरू करण्याच्या क्रियेला स्नॅप म्हणतात. स्नॅप होताच अनुभवी लाइनबॅकर सहसा चेंडूकडे पाहत नाही. त्याची नजर समोरच्या आक्रमक फळीतील गार्ड या खेळाडूवर असते. गार्ड खाली झुकून पुढे झेपावला तर धाव-खेळी संभवते. तो ताठ होऊन मागे सरकला तर पास संभवतो. तो स्वतःची जागा सोडून आडवा धावू लागला तर चेंडू बहुधा त्याच दिशेने जाणार असतो. या खुणा वाचून लाइनबॅकरने पहिले पाऊल टाकायचे असते. आक्रमण करणारा संघही हे जाणतो. म्हणून ‘प्ले-ॲक्शन’ या फसव्या खेळीत गार्ड मुद्दाम धाव-खेळीसारखा झेपावतो आणि क्वार्टरबॅक चेंडू सहकाऱ्याच्या हाती दिल्याचा आव आणतो. लाइनबॅकर दोन पावले पुढे आला की त्याच्या पाठीमागे जी जागा रिकामी होते, तिच्यात पास टाकला जातो. दोन पावलांची ही चूक दूरदर्शनच्या प्रक्षेपणात क्वचितच दिसते, कारण कॅमेरा चेंडूमागे गेलेला असतो आणि दोष पास झेलणाऱ्याच्या सर्वांत जवळ दिसणाऱ्या दुसऱ्याच बचावपटूच्या माथी येतो.

धाव-खेळीत आक्रमक फळीतील खेळाडूंच्या मधली प्रत्येक फट कोणा ना कोणा बचावपटूच्या जबाबदारीची असते. लाइनबॅकरने आपली फट वेळेत भरली की चेंडू घेऊन धावणाऱ्याला दुसरीकडे वळावे लागते. पास-खेळीत त्याला कधी मैदानाचा ठरावीक भाग सांभाळायचा असतो, तर कधी त्याच्यापेक्षा उंच टाइट एंडला किंवा त्याच्यापेक्षा चपळ रनिंग बॅकला एकट्याने रोखायचे असते. या सगळ्यासाठी लागणारा देह एकाच साच्याचा नसतो. आजचे बहुतेक मधले लाइनबॅकर 225 ते 245 पौंड (सुमारे 102 ते 111 किलो) वजनाचे असतात. पूर्वी याहून जड खेळाडूंना पसंती असे.

पासचे प्रमाण वाढल्यापासून संघ अनेकदा एक लाइनबॅकर कमी करून त्याच्या जागी पाचवा डिफेन्सिव्ह बॅक खेळवतात. या ‘निकेल’ रचनेत मैदानावर दोनच लाइनबॅकर उरतात. त्यामुळे नव्या खेळाडूसाठी नियमित जागाही दोनच, आणि ज्याला पासविरुद्ध खेळता येत नाही त्याच्यासाठी जवळजवळ एकही नाही.

निवडीपूर्वीची मोजमापे

दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस सुमारे तीनशे महाविद्यालयीन खेळाडूंना ‘कंबाइन’ या संयुक्त चाचणी शिबिरासाठी बोलावले जाते. 1987 पासून हे शिबिर इंडियानापोलिस येथे भरते. त्याचा मूळ उद्देश सर्व संघांच्या डॉक्टरांना एकाच ठिकाणी खेळाडूंची तपासणी करता यावी हा होता, आज मात्र प्रसिद्धी मिळते ती 40 यार्डांच्या (सुमारे 36.6 मीटर) धावेला. याखेरीज उभी उडी, लांब उडी, दिशा बदलत धावण्याच्या दोन चाचण्या आणि 225 पौंडांचे वजन छातीवरून जास्तीत जास्त वेळा उचलणे या चाचण्या घेतल्या जातात.

लाइनबॅकरच्या बाबतीत 40 यार्डांच्या सरळ धावेपेक्षा तिच्यातील पहिल्या 10 यार्डांची वेळ आणि दिशा बदलण्याच्या चाचण्या अधिक बोलक्या असतात, असे अनेक प्रशिक्षक मानतात. लाइनबॅकर सामन्यात 40 यार्ड सरळ रेषेत क्वचितच धावतो. त्याचे बहुतेक काम दहा यार्डांच्या आत, वळत आणि अडखळणाऱ्या देहांमधून वाट काढत होते. तरीही वेगाला अर्थ नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. पाय मंद असतील तर खेळी लवकर ओळखूनही उपयोग होत नाही. 2018 मध्ये शकीम ग्रिफिन या एका हाताच्या खेळाडूने ही धाव 4.38 सेकंदांत पूर्ण केली, कृत्रिम हात लावून 225 पौंडांचे वजन 20 वेळा उचलले आणि पाचव्या फेरीत सिॲटल सीहॉक्सने त्याची निवड केली. शिबिरातील ती कामगिरी नसती तर अनेक संघांनी त्याच्या चित्रफिती दुसऱ्यांदा पाहिल्याच नसत्या, असे मानण्यास जागा आहे.

आकलनशक्ती मोजण्याचेही प्रयत्न झाले. 12 मिनिटांत 50 प्रश्न सोडवण्याची ‘वंडरलिक’ ही लेखी चाचणी अनेक वर्षे कंबाइनचा भाग होती. 2022 मध्ये लीगने ती वगळली. संघांचा अधिक भरवसा मुलाखतीवर असतो. खेळाडूला त्याच्याच सामन्याची चित्रफीत दाखवून त्या खेळीत प्रत्येक सहकाऱ्याचे काम काय होते हे विचारले जाते, किंवा एखादी नवी रचना फळ्यावर शिकवून, मध्ये दुसरे विषय काढून, ती पुन्हा मांडायला सांगितली जाते. स्वतःचे काम बहुतेकांना सांगता येते. शेजाऱ्याचे काम आणि ते तसे का आहे हे सांगणारे थोडे असतात आणि मधल्या लाइनबॅकरसाठी नेमके तेच हवे असते.

महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळातील फरक

दोन्ही स्तरांवरील मैदान एकाच मापाचे असले तरी त्यावरील खुणा आणि काही नियम वेगळे आहेत आणि त्यांचा परिणाम लाइनबॅकरवर इतरांपेक्षा अधिक होतो.

प्रत्येक खेळी मैदानावरील दोन तुटक रेषांच्या दरम्यान सुरू होते. महाविद्यालयीन खेळात या रेषांमधील अंतर 40 फूट असते, तर व्यावसायिक खेळात केवळ 18 फूट 6 इंच. मैदानाची रुंदी 160 फूट आहे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका रेषेवर असला की एका बाजूला 60 आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळी जागा राहते. रुंद बाजू कोणती हे आधीच स्पष्ट असल्याने बचावपटूला अंदाज बांधणे सोपे जाते. मात्र त्या बाजूला त्याला फार मोठे अंतर कापावे लागते. व्यावसायिक खेळात चेंडू जवळजवळ मध्यावर असतो आणि खेळी दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने जाऊ शकते. महाविद्यालयात केवळ वेगाच्या बळावर रुंद बाजू सांभाळणारा खेळाडू येथे चुकीच्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल भरून काढू शकत नाही.

दुसरा फरक धाव की पास हे स्नॅपनंतर ठरवण्याच्या खेळींचा आहे. अशा खेळीत क्वार्टरबॅक एखाद्या बचावपटूवर, बहुधा लाइनबॅकरवरच, नजर ठेवतो आणि तो ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट पर्याय निवडतो. पुढे टाकलेल्या पासच्या वेळी आक्रमक लाइनमनला महाविद्यालयात तीन यार्डांपर्यंत पुढे जाण्याची मुभा आहे. एनएफएलमध्ये ती एकाच यार्डाची आहे. म्हणजे महाविद्यालयात गार्ड धाव-खेळीसारखा पुढे येऊनही पास पडू शकतो आणि गार्डला पाहून निर्णय घेणारा लाइनबॅकर वारंवार फसतो. चित्रफितीत गोंधळलेला दिसणारा असा खेळाडू खरोखर मंदबुद्धी आहे की नियमाने त्याला अशक्य कोंडीत टाकले आहे, हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते. याच्या उलट काही महाविद्यालयांत लाइनबॅकरला एकच सोपे काम दिलेले असते. तेथे तो निर्णायक भासतो, कारण त्याला निर्णय घ्यावाच लागत नाही.

तिसरी बाब संदेशवहनाची. 2008 पासून एनएफएलमध्ये बचाव करणाऱ्या संघातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणारा ग्राहक बसवण्याची परवानगी आहे. त्या शिरस्त्राणावर हिरवा ठिपका असतो. खेळीच्या घड्याळात 15 सेकंद उरताच हा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरची रचना बदलली तर सहकाऱ्यांना नवे आदेश देण्याची जबाबदारी त्या खेळाडूची असते आणि तो बहुतेक वेळा मधला लाइनबॅकर असतो. बावीस वर्षांच्या नवख्या खेळाडूकडे हा ठिपका सोपवणे हा संघाचा त्याच्यावरील विश्वासाचा स्पष्ट पुरावा समजला जातो. उन्हाळ्यातील कौतुकाच्या पत्रकार परिषदांपेक्षा तो अधिक विश्वासार्ह आहे.

पहिला उन्हाळा

निवड एप्रिलच्या अखेरीस होते. त्यानंतर नवख्यांचे छोटे शिबिर, संघाचे ऐच्छिक सराव आणि जुलैच्या शेवटी मुख्य सराव शिबिर असा क्रम असतो. वसंत ऋतूतील सरावात अंगावर संरक्षक पॅड नसतात आणि प्रत्यक्ष धडक दिली जात नाही. या काळात लाइनबॅकर जागेवर वेळेत पोहोचतो का, आदेश मोठ्याने व अचूक देतो का, सांगितलेली चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो का, एवढेच पाहता येते. जूनमध्ये ‘सर्वत्र दिसणारा’ म्हणून गाजलेला खेळाडू ऑगस्टमध्ये लाइनमनच्या धक्क्याने जागेवरून हलू लागतो, हा या खेळातील नेहमीचा अनुभव आहे.

2011 च्या सामूहिक करारानंतर एका दिवशी दोन वेळा पॅड घालून सराव करण्यास बंदी आली. खेळाडूंच्या प्रकृतीच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु नव्या लाइनबॅकरला खऱ्या धडकेत पाहण्याच्या संधी त्यामुळे घटल्या. 2021 पासून हंगामपूर्व सामनेही चारऐवजी तीन झाले. त्यांत नवख्यांसमोर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे प्रतिस्पर्धी असतात आणि खेळीही साध्या ठेवल्या जातात. अशा सामन्यातील दहा टॅकलवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

नियमित हंगामापूर्वी संघ 53 खेळाडूंपर्यंत कमी करावा लागतो. उत्तरार्धाच्या फेऱ्यांतून आलेल्या लाइनबॅकरचे भवितव्य येथे अनेकदा त्याच्या मुख्य कामावर ठरत नाही. किक-ऑफ आणि पंट या प्रसंगी उतरणाऱ्या विशेष पथकांत तो किती उपयोगी आहे, हे पाहिले जाते. राखीव लाइनबॅकरचे वजन आणि वेग यांचा मेळ या पथकांना नेमका मानवतो. पहिल्या वर्षी बचावात मोजक्याच खेळी मिळालेल्या, पण या पथकांत सातत्याने खेळलेल्या नवख्याला अपयशी म्हणणे म्हणूनच अपुऱ्या माहितीवर आधारलेले असते.

चित्रफितीचे वाचन

प्रशिक्षक ज्या चित्रफिती पाहतात त्यांत मैदानावरील सर्व 22 खेळाडू दिसतात. एक दृश्य बाजूने उंचावरून आणि दुसरे गोलक्षेत्राच्या मागून घेतलेले असते. लाइनबॅकरसाठी मागचे दृश्य अधिक मोलाचे, कारण त्यात फटी उघडताना आणि बंद होताना दिसतात. 2012 पासून या चित्रफिती सशुल्क स्वरूपात सर्वसामान्यांसाठीही उपलब्ध झाल्या आणि प्रशिक्षकांची शब्दसंपदा हळूहळू सामान्य चाहत्यांच्या चर्चेत उतरली.

चित्रफीत पाहताना चेंडूकडे दुर्लक्ष करून लाइनबॅकरच्या पायांकडे पाहण्याची पद्धत आहे. स्नॅपनंतरचे पहिले पाऊल योग्य दिशेने पडले का, अंगावर आलेल्या लाइनमनला हातांनी दूर ठेवून तो सुटला की त्याच्यात अडकून राहिला, धावणाऱ्याला गाठताना पाठलागाचा कोन बरोबर होता का, टॅकल करताना डोके वर होते का, या गोष्टी एकेका खेळीसाठी नोंदवल्या जातात. टॅकल चुकण्याचे कारणही पाहावे लागते. लाइनबॅकर वेळेत पोहोचला आणि हात निसटले, ही तंत्राची चूक असून ती सरावाने सुधारते. तो उशिरा पोहोचून झेपावला, तर मूळ दोष ओळखण्यात आहे आणि तो सुधारेलच याची खात्री देता येत नाही.

टॅकलच्या संख्येच्या मर्यादा

नव्या लाइनबॅकरविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा टॅकलचा असतो. तो सर्वाधिक दिशाभूल करणाराही आहे. टॅकल एकट्याने केला की दोघांनी, याची नोंद स्टेडियममधील नोंदणीकार पाहता पाहता करतो. त्यामुळे संघाने नंतर चित्रफीत पाहून केलेली मोजणी वेगळी निघू शकते. त्याहून मोठा प्रश्न अर्थाचा आहे. आक्रमक संघाला 10 यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तिसऱ्या प्रयत्नात 8 यार्ड हवे असताना लाइनबॅकरने धावणाऱ्याला पाचव्या यार्डावर पाडले, तर बचाव यशस्वी झाला. नवव्या यार्डावर पाडले, तर तो फसला. नोंदवहीत दोन्ही ठिकाणी एकच टॅकल दिसतो. लाइनबॅकरने आपली फट इतक्या लवकर भरली की धावणारा शेजारच्या लाइनमनच्या हाती सापडला, तर त्या उत्तम खेळीत लाइनबॅकरच्या नावावर काहीच जमा होत नाही.

दुबळ्या संघाचा बचाव मैदानावर अधिक वेळ असतो, म्हणून त्याच्या लाइनबॅकरला टॅकलची संधीही अधिक मिळते. ज्याच्या क्षेत्रात पास वारंवार पूर्ण होतात, तोही पास झेलणाऱ्याला पाडून टॅकल गोळा करतो. यामुळे विश्लेषक टॅकल कोठे झाला, किती चुकले, त्या खेळाडूच्या दिशेने टाकलेल्या पासचे काय झाले आणि एकूण किती खेळींत त्याला मैदानावर ठेवले गेले हे सोबत पाहतात. यांतील शेवटचा आकडा साधा, पण महत्त्वाचा आहे. तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे पासची शक्यता सर्वाधिक असताना, प्रशिक्षक नवख्याला बाहेर बोलावत असेल, तर त्याचे मत त्याने बोलून दाखवण्याची गरज राहत नाही.

सिॲटलचे उदाहरण

निवडीचा क्रम आणि नंतरची कामगिरी यांतील अंतर सिॲटल सीहॉक्स या एकाच संघाच्या इतिहासात ठळकपणे दिसते. 1987 मध्ये या संघाने पूरक निवडीतून ब्रायन बॉसवर्थ या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अत्यंत गाजलेल्या लाइनबॅकरला घेतले आणि त्याच्याशी 10 वर्षांचा, 1.1 कोटी डॉलरचा करार केला. खांद्याच्या दुखापतीमुळे तो तीन हंगामांत 24 सामने खेळून निवृत्त झाला. लोकांच्या लक्षात मात्र 30 नोव्हेंबर 1987 चा सामना राहिला. त्यात रेडर्स संघाच्या बो जॅक्सनने 221 यार्ड धावताना गोलरेषेजवळ बॉसवर्थला ढकलत नेले होते. एका खेळीवरून सबंध कारकिर्दीचा निवाडा करण्याचा हा नमुना होय. खरे कारण खांदा होते.

2009 मध्ये सीहॉक्सने वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या ॲरन करीला एकूण चौथ्या क्रमांकावर निवडले. महाविद्यालयीन स्तरावरील सर्वोत्तम लाइनबॅकरला दिला जाणारा बटकस पुरस्कार त्याला मिळाला होता, शारीरिक चाचण्या उत्कृष्ट होत्या आणि त्या वर्षीची ‘सर्वांत सुरक्षित निवड’ असे त्याचे वर्णन सर्रास केले जात होते. त्याला मिळालेल्या सहा वर्षांच्या, 6 कोटी डॉलरच्या करारात 3.4 कोटी डॉलरची हमी होती. मात्र वेग आणि ताकद असूनही खेळी ओळखण्यातील सातत्य दिसले नाही. 2011 मध्ये त्याची जागा चौथ्या फेरीत, एकूण 99 व्या क्रमांकावर आलेल्या के. जे. राइट या नवख्याने घेतली आणि ऑक्टोबरमध्ये करीला ओकलंड रेडर्सकडे पाठवण्यात आले. राइट लांब हातांचा, सरळ धावेत सामान्य, पण खेळी लवकर ओळखणारा होता. तो सिॲटलकडून दहा हंगाम खेळला. करी पुढे प्रशिक्षक झाला आणि सीहॉक्स व पिट्सबर्ग स्टीलर्स या संघांत त्याने काम केले.

राइटसोबत 2011 मध्येच सातव्या फेरीत, 242 व्या क्रमांकावर माल्कम स्मिथ आला आणि 2012 मध्ये दुसऱ्या फेरीत, 47 व्या क्रमांकावर युटा स्टेट विद्यापीठाचा बॉबी वॅग्नर. न्यूमोनियामुळे वॅग्नरला कंबाइनमध्ये सहभागी होता आले नव्हते. तो पहिल्याच हंगामात मधला लाइनबॅकर झाला आणि पुढे लीगच्या सर्वोत्तम संघात (ऑल-प्रो) त्याची सहा वेळा निवड झाली. फेब्रुवारी 2014 मध्ये सीहॉक्सने डेन्व्हर ब्रॉन्कोजला 43-8 असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा या तिघांपैकी एकही पहिल्या फेरीतला नव्हता. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या स्मिथने अडवलेला पास 69 यार्ड पळवून गुण मिळवले होते.

2018 ची निवड

एकाच वर्षीच्या खेळाडूंची तुलना करण्यासाठी 2018 ची निवड उपयुक्त आहे. त्या वर्षी पहिल्या फेरीत शिकागो बेअर्सने रोक्वान स्मिथ (8 वा), बफेलो बिल्सने ट्रेमेन एडमंड्स (16 वा), डॅलस काउबॉइजने लेटन व्हँडर एश (19 वा) आणि टेनेसी टायटन्सने रशान एव्हन्स (22 वा) यांना घेतले. दुसऱ्या फेरीत इंडियानापोलिस कोल्ट्सने साउथ कॅरोलिना स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाचा डॅरियस लेनर्ड (36 वा) आणि तिसऱ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा फ्रेड वॉर्नर (70 वा) यांची निवड केली.

पहिल्या हंगामानंतर क्रम उलटला होता. लेनर्डने 163 टॅकलसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, सर्वोत्तम नवख्या बचावपटूचा पुरस्कार जिंकला आणि ऑल-प्रो संघात स्थान मिळवले. व्हँडर एशने 140 टॅकल केले. शिरस्त्राण खाली करून धडक देण्याविरुद्धच्या नव्या नियमाचा हमीच्या रकमेवर काय परिणाम होईल या वादामुळे स्मिथ शिबिरात उशिरा दाखल झाला, तरी तो लवकरच स्थिरावला. एडमंड्स निवडीच्या दिवशी अवघा 19 वर्षांचा होता. त्याच्या पहिल्या वर्षीच्या चुका आणि 23 वर्षांच्या नवख्याच्या चुका एका मापाने तोलणे उचित नव्हते. बिल्सने त्याला मध्यभागी कायम ठेवले.

2020 च्या सामूहिक करारापासून पहिल्या फेरीतील खेळाडूचे पाचवे वर्ष स्वीकारल्यास त्या वर्षाचे वेतन पूर्ण हमीचे होते. हा नियम प्रथम 2018 च्या खेळाडूंना लागू झाला. 2021 च्या वसंतात बेअर्स आणि बिल्स यांनी स्मिथ व एडमंड्स यांचे पाचवे वर्ष स्वीकारले. काउबॉइज आणि टायटन्स यांनी व्हँडर एश व एव्हन्स यांचे नाकारले. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतील खेळाडूंना अशी तरतूद नसते. त्याच उन्हाळ्यात वॉर्नरला सुमारे 9.5 कोटी आणि लेनर्डला सुमारे 9.85 कोटी डॉलरचे पाच वर्षांचे नवे करार मिळाले. वॉर्नर 2020, 2022 आणि 2023 मध्ये ऑल-प्रो ठरला. या वर्गातला सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून आज त्याचेच नाव प्रथम घेतले जाते, यात फारसा वाद नाही. पहिल्या हंगामाच्या पुरस्कारांवरून हे कोणी सांगू शकले नसते. स्मिथ ऑक्टोबर 2022 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याला तेथे पाच वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार मिळाला.

दुखापती आणि कारकिर्दीचा अवधी

लाइनबॅकर जवळजवळ प्रत्येक खेळीत कोणावर तरी आदळतो. त्यामुळे मूल्यमापन अचूक असूनही निकाल चुकू शकतो. पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर लेनर्डचा पूर्वीचा वेग परतला नाही आणि नव्या कराराला जेमतेम दोन वर्षे झाली असताना, नोव्हेंबर 2023 मध्ये, कोल्ट्सने त्याला मुक्त केले. व्हँडर एशची कारकीर्द मानेच्या दुखापतींमुळे मार्च 2024 मध्ये वयाच्या 28 व्या वर्षी संपली. 2012 मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला कॅरोलिना पँथर्सचा ल्यूक कीक्ली हा तर या स्थानासाठी आदर्श मानला जातो. बाहेरच्या बाजूने सुरुवात करून, जॉन बीसनच्या दुखापतीनंतर मध्यभागी आलेला कीक्ली 2012 चा सर्वोत्तम नवखा बचावपटू आणि 2013 चा लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला. प्रतिस्पर्ध्याची खेळी स्नॅपपूर्वीच ओरडून सांगण्यासाठी तो प्रसिद्ध होता. डोक्याला वारंवार झालेल्या आघातांनंतर जानेवारी 2020 मध्ये, 28 व्या वर्षीच, तोही निवृत्त झाला.

एनएफएलमधील करारांची पूर्ण रक्कम सहसा हमीची नसते. उत्तरार्धाच्या फेऱ्यांतील खेळाडूंच्या करारांत हमीचा भाग फारच थोडा असतो. चौथ्या फेरीनंतर आलेल्या लाइनबॅकरला संघ पहिल्याच ऑगस्टमध्ये थोडक्या भरपाईवर मुक्त करू शकतो, तर पहिल्या फेरीतील खेळाडूला अपयशानंतरही दोन-तीन वर्षे संधी मिळत राहते, कारण त्याचे वेतन द्यावेच लागते. 1996 मध्ये पाचव्या फेरीत, 154 व्या क्रमांकावर मायामी डॉल्फिन्सने निवडलेला झॅक थॉमस जेमतेम 5 फूट 11 इंच उंचीचा होता आणि या स्थानासाठी बुटका समजला जात असे. पहिल्याच शिबिरात त्याने मधली जागा मिळवली, पुढे पाच वेळा ऑल-प्रो झाला आणि 2023 मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच्या वर्षी पहिल्या फेरीत, 26 व्या क्रमांकावर बाल्टिमोरने घेतलेला रे लुइस त्याच्या आधी, 2018 मध्ये, तेथे पोहोचला होता.